वाघाडचं पाणी: शेपटाच्या शेतकऱ्यांनी कालवा मोजून घेतला त्याची गोष्ट

नाशिकजवळचं ओझर म्हटलं की बाहेरच्या माणसाला विमानाचा कारखाना आठवतो, पण पाण्याच्या कामात असलेल्या लोकांना तिथल्या तीन पाणी वापर संस्था, म्हणजे कालव्याचं पाणी आपसात वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था, आठवतात. बाणगंगा, जय योगेश्वर आणि महात्मा फुले. १९९१ मध्ये या तीन संस्थांनी वाघाड धरणाच्या उजव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाचं पाणीवाटप सरकारकडून स्वतःच्या हातात घेतलं. महाराष्ट्र सरकार गेली तीस-पस्तीस वर्षं पाण्याचा काटकसरीने वापर व्हावा म्हणून जे जे करतंय, कायदे, प्राधिकरण, ठिबकचं अनुदान, शेततळी, ते सगळं समजून घ्यायचं असेल तर मला वाटतं या एका प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण पुढे २००५ मध्ये जे कायद्यात आलं त्यातलं बरंच इथे आधी करून बघितलं गेलं होतं.

माझा यात जीव का अडकलाय ते आधीच सांगतो. आमचं शेत पण एका चारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, टेलला म्हणजे शेवटच्या टोकाला आहे, वाघाडवर नाही, दुसऱ्या एका प्रकल्पावर. लहानपणापासून आम्ही आवर्तन, म्हणजे कालव्याला ठराविक दिवसांसाठी सोडलेलं पाणी, सुटलं की बातमी ऐकायचो आणि चारीत पाणी यायची वाट बघायचो, आणि चार दिवसांनी कळायचं की पाणी वरच आटपलं. त्यामुळे ओझरच्या लोकांनी काय केलं हे माझ्यासाठी नुसतं वाचण्यापुरतं नाही.

आधी परिस्थिती काय होती ते बघू. वाघाड धरण नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर. १९८० च्या आसपासचं. उपयुक्त साठा २३०२ दलघफू (दशलक्ष घनफूट), म्हणजे सव्वादोन टीएमसीपेक्षा थोडा जास्त, घनमीटरमध्ये साधारण साडेसहा कोटी. लाभक्षेत्र साडेनऊ हजार हेक्टरच्या आसपास. आता साधा हिशोब करा, धरण पूर्ण भरलं आणि एक थेंबही वाया गेला नाही असं धरलं तरी हेक्टरी साधारण सहा-सात हजार घनमीटर पाणी येतं. त्यातून बाष्पीभवन गेलं, पिण्याचं आरक्षण गेलं, मातीच्या कालव्यातून झिरपतं ते गेलं, की शेताच्या बांधावर निम्मं पोचलं तरी नशीब. आणि पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी वीस हजार घनमीटरच्या पुढे लागतं. म्हणजे वरच्या भागात थोड्या लोकांनी जरी ऊस लावला आणि रात्रभर दारं उघडी ठेवली तरी खालच्या गावांचा विषयच संपतो. ओझर सगळ्यात खाली. कागदावर बागायत, सातबारावर लाभक्षेत्राचे शिक्के, आणि शेतात ज्वारी-बाजरी.

हे काही एकट्या वाघाडचं दुखणं नाही. राज्यातल्या जवळपास प्रत्येक कालव्यावर हेच होतं आणि आजही बऱ्याच ठिकाणी आहे. पण याचं कारण नीट समजून घ्यायला पाहिजे कारण लोक पटकन म्हणतात की वरचे शेतकरी लोभी आहेत, आणि मला ते पटत नाही. पद्धतच अशी होती. पाणीपट्टी लागायची ती पीक आणि क्षेत्र बघून. सात नंबरचा अर्ज भरायचा, इतके हेक्टर गहू, इतका कांदा, त्याप्रमाणे आकारणी. गव्हाला तुम्ही पाच पाळ्या घेतल्या काय नि आठ घेतल्या काय, शेत ओलं केलं काय नि तळं केलं काय, पट्टी तीच. मग कोण कशाला दार लवकर बंद करेल? त्यात पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नाही, कधी वीस दिवसांनी, कधी सव्वा महिन्याने, म्हणून आलंय तेवढं पाणी जमिनीत मुरवून ठेवायचं हाच शहाणपणा. ज्याला उद्याची खात्री नाही तो आज जास्तच घेणार, तिथे पाणी वाचवा म्हणून भिंती रंगवून काही होत नाही.

ओझरला समाज परिवर्तन केंद्र नावाची संस्था होती, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे ही त्यातली मुख्य माणसं. त्यांनी आधी आंदोलनाच्या अंगाने पाणी मागून बघितलं असेल असं आपल्याला वाटेल, पण त्यांचं खरं वेगळेपण हे की त्यांनी मागणीच बदलली. आम्हाला पाणी सोडा असं नाही, आमच्या वाट्याचं पाणी आम्हाला मोजून द्या आणि आत कसं वाटायचं ते आमच्यावर सोडा. ही दोन वाक्यं वाचायला सोपी वाटतात पण पाटबंधारे खात्याच्या शंभर वर्षांच्या सवयीच्या विरुद्ध होती. त्या काळात राज्यात असे एक-दोनच प्रयोग चालू होते, नगर जिल्ह्यात मुळा प्रकल्पावर चांद्याजवळची दत्त संस्था हा त्यातला आधीचा.

शेतकऱ्यांना पटवणं हे सगळ्यात अवघड गेलं असणार यात शंका नाही. कारण टेलच्या माणसाला सांगायचं की संस्था काढ, शेअर्स घे, पाणीपट्टी गोळा कर, चारी साफ कर, आणि तो म्हणणार की पाणीच येत नाही तर संस्था कशाची. त्याचं काय चुकलं.

तर १९९१ मध्ये करार झाला. यात सरकारने तीन गोष्टी मान्य केल्या आणि माझ्या मते सगळी गंमत त्या तीन गोष्टींतच आहे. पहिली, संस्थेला हंगामानुसार पाण्याचा कोटा ठरवून मिळणार. दुसरी, पाणी संस्थेच्या हद्दीच्या तोंडाशी मोजलं जाणार आणि पट्टी घनमापनाने लागणार, म्हणजे हजार घनमीटरला इतके पैसे, पीक कुठलं हे सरकार विचारणार नाही. तिसरी, आत कुठलं पीक घ्यायचं, कोणाला किती तास द्यायचे, काय दर लावायचा हे संस्थेचं काम.

यातली दुसरी गोष्ट झाली की माणसाचं वागणं कसं बदलतं ते बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, तासाला शंभर घनमीटरच्या जरा वर. एका एकराला साडेसात सेंटीमीटरची पाळी द्यायची तर साधारण तीन तास पुरतात. आधी त्याच एकरावर रात्रभर पाणी फिरायचं कारण कोणी मोजतच नव्हतं. आता संस्थेने तासावर पट्टी लावली की चौथा तास चालू झाला की शेतकरी स्वतः फावडं घेऊन दारं मोडायला उभा राहतो, वाफ्यांचे सारे नीट ओढतो, रान सपाट करून घेतो, कारण प्रत्येक तासाचे पैसे त्याच्या खिशातून जाताहेत आणि शेजारचा घड्याळ घेऊन बांधावर उभा आहे. कुठल्याही मेळाव्यात भाषण करून हे झालं नसतं. आणि एक महत्त्वाचं, जे पाणी वाचलं ते संस्थेचंच राहतं. रब्बीच्या कोट्यातलं उरलं तर बाष्पीभवन वजा करून उन्हाळ्यात मागता येतं. आधी वाचवलेलं पाणी वरच्याचं व्हायचं, म्हणून कोणी वाचवत नव्हतं.

ओझरकरांनी अजून एक डोकं लावलं, ते मला सगळ्यात जास्त आवडतं. कालव्याचं पाणी आवर्तनाने येतं, महिन्यातून एकदा म्हणा, पण विहिरीचं पाणी रोज काढता येतं. मग त्यांनी कोट्यातलं काही पाणी थेट शेतात न देता ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडलं. ते जमिनीत मुरलं, आजूबाजूच्या विहिरींना उतरलं. आणि विहिरीवाल्यांनी संस्थेला त्याची पट्टी द्यायची असं ठरवलं. म्हणजे कालवा आणि विहीर हे दोन वेगळे हिशोब न राहता एकच झाला. सरकारी कागदात कालव्याच्या झिरपण्याला नुसतं गळती म्हणतात, इथे त्यांनी तीच गळती ठरवून, जागा निवडून केली आणि तिचे पैसे पण वसूल केले.

याचा परिणाम म्हणून द्राक्षं आली. द्राक्षबागेला पाणी रोज थोडं थोडं लागतं, ठिबकवर. कालव्याच्या पाळीवर ठिबक चालत नाही, हे जरा थांबून समजून घेऊ कारण पुढे सरकारचं गणित इथेच चुकतं. ठिबक म्हणजे रोज किंवा एक दिवसाआड दोन-तीन तास, प्रेशरने, गाळलेलं पाणी. कालवा म्हणजे पंचवीस-तीस दिवसांतून एकदा, गढूळ, एकदम भरपूर. या दोघांच्या मधे साठवण लागते, विहीर किंवा शेततळं. ओझरला विहिरींना पाणी उतरलं म्हणून ठिबक टिकलं. विहिरीच कोरड्या असत्या तर अनुदानावर घेतलेले ते पाइप बांधावर गुंडाळून पडले असते, जसे आमच्याकडे कितीतरी लोकांचे पडलेत.

वरच्या गावांपर्यंत जाणं

पहिली काही वर्षं तीन संस्थांनी आपल्या हद्दीत सगळं छान बसवलं पण कालवा तर वरून येतो. वर चोरी झाली, पाइप टाकून उपसा झाला, गेट वाकवलं, की खालच्या संस्थेचा कोटा कागदावरच. टेलच्या संस्थेने कितीही शिस्त लावली तरी हेडला, म्हणजे कालव्याच्या वरच्या भागात, शिस्त नसेल तर उपयोग नाही, हे कळल्यावर त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक, वरच्यांच्या विरोधात तक्रारी करत बसायचं. दुसरा, वरच्यांनाही संस्थेत आणायचं. त्यांनी दुसरा घेतला. ओझरपासून कालव्याने वर वर जात गावोगावी बैठका, वरच्या दिंडोरी भागात आदिवासी गावंही आहेत, तिथल्या लोकांची जमीन धरणात गेलेली आणि पाणी मात्र पायथ्याशी असून नीट मिळत नाही अशी अवस्था. हेडचा शेतकरी म्हणजे मजेत असलेला शेतकरी असं टेलला बसून वाटतं, पण जाऊन बघितलं की कळतं त्याला पण पाणी अवेळी येतं, नको तेव्हा शेत तुंबतं आणि हवं तेव्हा गेट बंद.

असं करत करत पूर्ण प्रकल्पावर २४ संस्था झाल्या आणि त्यांची मिळून एक प्रकल्पस्तरीय संस्था. म्हणजे धरणाच्या दारापासून शेवटच्या चारीपर्यंतचं सिंचनाचं वाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे. राज्यात पूर्ण प्रकल्प शेतकऱ्यांनी चालवायला घेतल्याचं हे पहिलं उदाहरण म्हणून वाघाडचं नाव घेतात. आवर्तन कधी सोडायचं, किती दिवस चालवायचं हे २४ संस्थांचे प्रतिनिधी बसून ठरवतात. भांडणं होत नाहीत असं माझं अजिबात म्हणणं नाही, पाण्यावर भांडण होणारच, फक्त ते ऑफिसच्या दारात न होता समोरासमोर बसून, हातात मोजमापाचा कागद घेऊन होतं, आणि माझ्या अनुभवात कागद हातात असला की भांडण निम्म्या वेळात मिटतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी की सरकारचं काम इथे लहान नव्हतं. शेतकऱ्यांनी केलं आणि सरकार नुसतं बघत बसलं असं सांगायची एक पद्धत झालीय, ती खरी नाही. करार सरकारने केला, घनमापनाचा दर सरकारने काढला, औरंगाबादच्या वाल्मी या पाणी आणि जमीन व्यवस्थापन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेसारख्या ठिकाणी शेतकऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची प्रशिक्षणं झाली, आणि खात्यातल्या काही इंजिनियर लोकांनी आपल्या हातातला अधिकार सोडायला मदत केली, जे कुठल्याही खात्यात सोपं नसतं.

मग कायदा आला

२००३ च्या राज्य जलनीतीत पाणी वापर संस्था आणि घनमापन आलं. २००५ मध्ये दोन कायदे झाले. एक, महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. दुसरा, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. पहिल्याने संस्थेला कायद्याचं अस्तित्व दिलं, पाण्याचा हक्क, मोजून देण्याची सक्ती, पिकाचं स्वातंत्र्य, आणि एक फार चांगली तरतूद म्हणजे संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल यांना सारखं प्रतिनिधित्व, त्यात महिलांनाही जागा. ज्याने कोणी ही हेड-मध्य-टेलची तरतूद घातली त्याला कालवा आतून माहीत होता. दुसऱ्या कायद्याने पाण्याचे ठोक दर ठरवायला आणि हक्क नेमून द्यायला एक स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं. त्याच सुमाराला जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र जलक्षेत्र सुधार प्रकल्प आला, कालव्यांची दुरुस्ती करून संस्थांकडे सोपवायचे म्हणून.

म्हणजे ओझरला जे हळूहळू, माणसं जोडत झालं ते राज्यभर एका साच्यात घालून करायचं ठरलं. हजारो संस्था नोंदवल्या गेल्या. आणि इथेच माझं मत जरा कडवट आहे. संस्था नोंदवणं हे उद्दिष्ट झालं. आमची संस्था पण त्याच लाटेत नोंदली गेली. एका दुपारी सह्या झाल्या, संचालक ठरले, फोटो झाले. संयुक्त पाहणी, म्हणजे खात्याचे लोक आणि आम्ही मिळून चारी चालत जाऊन काय मोडलंय त्याची यादी करायची, ती झाली, दुरुस्त्या अर्ध्या झाल्या. चारीच्या तोंडाशी कटथ्रोट फ्ल्यूम बसवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्ल्यूम म्हणजे मधे चिंचोळा केलेला सिमेंटचा किंवा पत्र्याचा भाग, त्यातून पाणी किती उंचीने जातंय ते बाजूच्या पट्टीवर वाचायचं आणि तक्त्यावरून प्रवाह काढायचा. सोपं आहे, दहावी झालेला मुलगा एका दिवसात शिकतो. पण दोन वर्षांत त्याच्या खाली गाळ भरला, खालच्या बाजूला पाणी तुंबायला लागलं, आणि खालून तुंबलं की पट्टीवरचं वाचन खोटं होतं. मग परत अंदाजाने. अंदाजाने म्हणजे परत क्षेत्रावर. नाव घनमापन आणि पट्टी जुन्याच पद्धतीने, अशी आमची अवस्था कित्येक वर्षं राहिली, आणि खात्याच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर एकच, मोजमापाला माणूस नाही.

वाघाड आणि आमच्यात कायद्याचा फरक नाही, उलट त्यांच्याकडे सुरुवातीला कायदा नव्हता आणि आमच्याकडे होता. त्यांच्याकडे क्रम वेगळा होता. आधी लोक एकत्र आले, मग त्यांनी मोजमाप मागितलं, मग करार. आमच्याकडे कायदा आधी, संस्था नंतर, लोक कधीतरी. आणि मोजमाप आमच्या मागणीतून आलेलं नव्हतं म्हणून ते बंद पडलं तेव्हा कोणी ओरडलं नाही, मी पण नाही, हे लिहिताना मला वाईट वाटतं.

ठिबकचं काय

आता सरकारचा दुसरा मोठा मार्ग, ठिबक. पाण्याच्या बाबतीत सरकारने सगळ्यात जास्त जाहिरात केली ती याची आणि पैसाही बराच दिला. केंद्राच्या प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेतून अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, बाकीच्यांना ४५ टक्के, आणि राज्याने वरून पूरक अनुदान टाकून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेलं. योजना चांगली आहे, मी स्वतः घेतलीय. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला, पहिल्या टप्प्यात तीन लाख हेक्टरच्या आसपास, दोन वर्षांत, आणि शेतकऱ्याला २ टक्के व्याजाने कर्ज, बाकी व्याजाचा भार सरकार आणि साखर कारखाने उचलणार असं. २०१६ चा उन्हाळा ताजा होता, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, सगळ्यांना पटत होतं की उसाचं काहीतरी करायला हवं. प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात पण तरतूद आहेच की अधिसूचित भागात बारमाही पिकांना कालव्याचं पाणी ठिबक-तुषार असेल तरच.

निर्णय योग्य होता. दोन वर्षांत काय झालं? ऊस बहुतेक ठिकाणी अजूनही पाटावरच आहे. शेतकरी ऐकत नाही असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण मघाशी सांगितलं ते आठवा, कालवा महिन्यातून एकदा आणि ठिबक रोज. कालव्यावरच्या उसाला ठिबक लावायचं तर आधी साठवण पाहिजे. शेततळं काढायचं तर जमीन जाते, उसाच्या पट्ट्यात गुंठ्याला काय भाव आहे ते सगळ्यांना माहितीय. आणि शेततळ्याचं उघडं पाणी उन्हाळ्यात उडून जातं. नाहीतर मग चारीच बंद पाइपची करायची, नवीन प्रकल्पांवर बंदिस्त नलिकेचं धोरण सरकारने घेतलंय आणि ते मला बरोबर वाटतं, पण जुन्या कालव्यांचं काय हा प्रश्न तसाच आहे. आणि मूळ मुद्दा, उसाला पाणी क्षेत्रावर मिळत असेल, मोजून नाही, तर ठिबक लावून शेतकऱ्याला मिळतं काय? मजुरी वाचते, खत वाचतं, उतारा वाढतो, हे खरं. पण पाण्यातून त्याला एक रुपया वाचत नाही. वाघाडला तासाचे पैसे द्यावे लागतात म्हणून तिथे पाणी वाचवण्याला किंमत आहे.

अजून एक अडचणीची गोष्ट बोलायला पाहिजे, आणि ती वाघाडलाही लागू होते. ठिबकने एका एकरात निम्मं पाणी वाचलं तर ते पाणी जातं कुठे? धरणात परत जात नाही. त्याच विहिरीवर दुसरा एकर लागतो. द्राक्षाच्या पट्ट्यात हेच झालं, बागा वाढत गेल्या. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढलं, त्यात मला आनंदच आहे, त्यासाठीच तर सगळं चाललंय, पण सरकारी अहवालात ठिबकखाली आलेलं क्षेत्र म्हणजे वाचलेलं पाणी असं जे गृहीत धरतात ते चूक आहे. वाचलं की नाही हे एकूण उपसा मोजल्याशिवाय कळत नाही. आणि विहिरीचा उपसा कोणीच मोजत नाही. भूजलाचा कायदा २००९ चा, तो लागू व्हायलाच पुढे काही वर्षं गेली. विजेचं बिल बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं पंपाच्या एचपीवर आलं. रात्रीची लाईट असते म्हणून लोक ऑटो स्विच लावून झोपतात आणि पहाटेपर्यंत पाणी बांधाबाहेर. कालव्यावर आपण १९९१ पासून जे शिकलो ते विहिरीवर अजून सुरूच झालेलं नाही. ओझरवाल्यांनी विहिरींकडून पट्टी घेऊन निदान सुरुवात केली होती, म्हणून मी त्या गोष्टीला एवढं महत्त्व देतो.

खालचे लोक पण लक्षात घ्यावे लागतात. वाघाडचं पाणी शेवटी गोदावरीचं, खाली पैठणला जायकवाडी धरण. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असा हिशोब २०१४ मध्ये प्राधिकरणाच्या आदेशाने बसला, त्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा दरवर्षी तणावात असतात. एका प्रकल्पाच्या आत टेलला न्याय मिळाला तरी खोऱ्याचा टेल मराठवाडा आहे. हा वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे एवढंच म्हणतो की आपल्याच चारीच्या टेलला बसलेल्या माणसाला पैठणच्या माणसाचं दुखणं कळायला जड जाऊ नये.

लोक विचारतात वाघाड सगळीकडे का होत नाही. मी तिथल्या आणि इथल्या गोष्टी शेजारी ठेवून बघतो तेव्हा मला उपाध्ये आणि कावळे यांच्यासारखी माणसं हे एक कारण दिसतं, ते नाकारता येत नाही. पण सगळं माणसांवर टाकलं तर सरकारला करायला काही उरत नाही, आणि सरकारला करण्यासारखं खूप आहे. प्रत्येक चारीच्या तोंडाशी चालू असलेलं मोजमाप, दर आवर्तनाला त्याचा आकडा संस्थेच्या फळ्यावर, आणि कोट्याएवढं पाणी आलं नाही तर पट्टी कमी. ठिबकच्या अनुदानाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. मोजणीला माणूस नसेल तर संस्थेच्या पोराला मानधन द्या, तो रोज दोनदा वाचेल.

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेची बैठक झाली, पंधरा-सोळा जण आले होते, आमच्या मानाने बरेच. आधी नेहमीचं झालं, वरच्या गावाने काय केलं, गेल्या वर्षी किती पाळ्या आल्या. मग एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं की आपल्याला नक्की किती पाणी येतं हे कोणाला माहितीय का, आणि कोणालाच सांगता येईना. तिथेच ठरलं. रब्बीचा हंगाम १५ ऑक्टोबरपासून धरतात, त्याआधी फ्ल्यूमखालचा गाळ आम्हीच काढायचा, पुसली गेलेली पट्टी नव्याने रंगवायची आणि पहिल्या आवर्तनाला दोघांनी आळीपाळीने वाचन घ्यायचं, वहीत लिहायचं, खात्याच्या माणसाची सही मिळाली तर मिळाली. सकाळचं वाचन माझ्याकडे आलंय. तक्त्याची झेरॉक्स काढून लॅमिनेट करून आणलीय, आणि वहीच्या पहिल्या पानावर रकाने आखून ठेवलेत, तारीख, वेळ, उंची, क्युसेक.